मीठ बघतेस का गं?

“लोणचं नाही का वाढलेलं,” हे पुटपुटले. मला नव्हे, ताटाला.

मी तव्याशी बसलेले, हातभर अंतरावर. ऐकू न यायला मी काही बहिरी नव्हते. आमटीचा पहिला भुरका झाला की यांचा हात लोणच्याकडे जायचाच, आणि लोणचं वहिनींचं. म्हणजे आमटी माझी आणि तोंडाला चव आणणार त्या.

“कशी झालीय आमटी?” मी विचारलं.

“बरी आहे की.”

“बरी म्हणजे?”

“बरी म्हणजे बरी. चांगली आहे.” दोन फोडी ताटात पडल्या, तेव्हा कुठे पुढचा घास उचलला गेला. “वहिनीची वाटी आली नाही अजून?”

आमचं घर एक, चुली दोन. थोरल्या दिरांचा संसार भिंतीपलीकडे, आमचा अलीकडे, मधल्या दाराला कडी नाही. त्या दारातून रोज दुपारी झाकण घातलेली एक वाटी यायची. कधी कढी, कधी भाजी, कधी दह्याची कवडी. हे साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते, दुपारी जेवायला घरी यायचे. सासूबाई गेल्या तेव्हा हे आठ वर्षांचे, आणि नर्मदावहिनी नुकत्या लग्न होऊन आलेल्या. त्यांनी यांना भरवून, न्हाऊमाखू घालून वाढवलं. ते सगळं मला मान्य होतं. पण भरवलेल्या पोराच्या डोक्याला टक्कल पडायला आलं तरी वाटी थांबू नये, याला काय म्हणायचं?

मला दागिने नको होते, साड्या नको होत्या. माझ्या हातचं खाऊन या माणसानं एकदा “वा” म्हणावं, एवढंच हवं होतं. वहिनींच्या वाटीला ते रोज मिळायचं. न चुकता, घासागणिक.

आता गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली, म्हणून हसू येतं. तेव्हा यायचं नाही.

त्या वर्षी, पावसाळा सरता सरता, वाटीत काहीतरी बिघडलं. यांच्या ताटातली उरलेली कढी मी बोटानं चाटून बघितली. (कुणी बघत नसताना मी नेहमीच बघायचे. वहिनी घालतात तरी काय, ते कळायला नको?) तर खारट! नुसती खारट नाही, तोंड वाकडं करणारी. दुसऱ्या दिवशी वांग्याची भाजी, तीही तशीच. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी ओट्याची फरशी दोनदा घासली.

मी यांच्या तोंडाकडे बघत बसले. यांनी घास घेतला. थांबले. तांब्यातलं अर्धं पाणी प्यायले.

“वा,” हे म्हणाले. “वहिनी ती वहिनीच.”

कपाळावर हात मारायचा तेवढा बाकी राहिला. माझ्या साध्या, सोज्वळ आमटीला “बरी” आणि त्या मिठागराला “वा”! मी एक अक्षर बोलले नाही. मनात म्हटलं, आपण का बोला? एक दिवस आपोआप कुणीतरी बोलेलच. तो दिवस मला नीट बसून बघायचा होता.

पण बोलायचं कुणी नाव घेईना. भिंतीपलीकडे दादा, म्हणजे वहिनींचे यजमान, मुकाट जेवायचे. ते एरवीही वर्षाकाठी दहा वाक्यं बोलायचे, त्यातली सहा बैलांशी.

आणि वहिनींना नवंच खूळ लागलं. दुपारी पळी हातात घेऊन मधल्या दारात उभ्या राहायच्या. “कुंदा, जरा मीठ बघतेस का गं?”

मला वाटे, काय हा तोरा! बघ माझ्या हातची चव आणि शीक, असंच ना? मी पदराला हात पुसत गोड हसून म्हणे, “अगंबाई, तुमच्या हातचं काय बघायचं वहिनी! उभ्या गावाला ठाऊक आहे.”

त्या जराशा थांबायच्या. पळी तशीच हातात. मग परत जायच्या. हा प्रकार रोज. मीही रोज तेच उत्तर द्यायचे, आणि दिलं की बरं वाटायचं.

त्यात माझ्या जाईचं प्रकरण झालं. मागच्या दारी मी लावलेला वेल. फुलांना कुणी हात लावीना, पण पालाच ओरबाडलेला दिसायला लागला. आधी मला शेळीचा संशय आला. मग एका सकाळी वहिनींनाच पकडलं. मूठभर पानं खुडून पदराखाली घालत होत्या.

“वहिनी, पाला कशाला हो?”

“अं? काही नाही. तोंड आलंय जरासं. चघळते.”

“मागितला असता तर दिला असता की.”

“हो गं. चुकलंच,” त्या म्हणाल्या, आणि गेल्या. मी वेलाकडे बघत राहिले. आधी नवरा, आता जाई.

आणखी एकदा त्या न्हाणीघराच्या दारात, उजेडाकडे तोंड करून, छोट्या आरशात बघत होत्या. मी आल्याची चाहूल लागताच आरसा ओच्यात गेला. पन्नाशी जवळ आलेली बाई, दिवसाउजेडी आरशात! मी यांना सांगितलंसुद्धा. हे म्हणाले, “तुला काय गं त्याचं?”

खरंच, मला काय त्याचं. पण झोपेपर्यंत मी तेच घोळवत होते.

मार्गशीर्षात आमच्या दत्ताच्या देवळात उत्सव असतो. गावातल्या घरांकडे एकेक दिवसाचा नैवेद्य. आमच्या घराकडे पौर्णिमेचा आदला दिवस. स्वयंपाक देवळामागच्या सोप्यात, सोवळ्यात, आणि लग्न झाल्यापासून तो वहिनींकडेच. मी आपली नारळ खवायला आणि पानं पुसायला.

नैवेद्याचं चाखायचं नसतं. मिठाचा अंदाज हाताला, गुळाचा डोळ्याला. देवाआधी जिभेला लागलं की ते उष्टं. म्हणून आमच्याकडे एक पद्धत होती. नैवेद्य दाखवून झाला की जिनं रांधलं तिनं प्रत्येक पदार्थाचा पहिला घास गाभाऱ्यासमोर घ्यायचा आणि मोठ्यानं “गोड झालं” म्हणायचं. ती म्हणाली की मगच पंगत हात घालणार. उगीच नाही, जुन्या माणसांनी सोय केलेली. काही चुकलं असेल तर रांधणारीला आधी कळावं.

त्या वर्षी नैवेद्याचं बोलणं निघालं तेव्हा वहिनी मधल्या दारात टेकून बसल्या होत्या. चेहरा पांढुरका, ओठांच्या कडा फाटलेल्या.

“या वर्षी कुंदाला करू दे की,” त्या यांना म्हणाल्या.

मी तांदूळ निवडत होते. हात थांबला. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते असं, दाराला टेकून, उरलेली भाकरी सरकवावी तसं!

“वहिनी, तू असताना?” हे म्हणाले.

“मी आहेच की मदतीला. तिचं मन आहे.”

तिचं मन आहे! माझ्या मनाचा असा जाहीर लिलाव? मी म्हटलं, “माझं काही मन नाही. ज्यांचा मान त्यांनीच करावा. मी नारळ खवीन, नेहमीसारखे.”

“कुंदा, अगं, खरंच…”

“उपकार नकोत वहिनी.”

हे माझ्याकडे बघायला लागले. वहिनी खाली बघायला लागल्या. मी पुन्हा तांदूळ निवडायला घेतले आणि खड्यांऐवजी तांदूळच बाहेर टाकले.

नैवेद्याला दुधीची खीर ठरलेली. दर वर्षी दुधी आमच्याच परसातला, पण त्या वर्षी वेल बसला नव्हता, म्हणून कुणीतरी देवापुढे आणून ठेवलेले तीन मोठे दुधी आले. एरवी दुधी चिरताना टोकाची चकती आपण जिभेला लावतोच. नैवेद्याच्या दुधीला तीही सोय नाही.

वहिनींनी पहाटेपासून रांधलं. वासानं सोपा भरून गेला. तूप, वेलदोडा, आटलेलं दूध. नैवेद्य झाला, आरती झाली, पंगत बसली. वहिनी ओलेत्या लुगड्यात गाभाऱ्यासमोर बसल्या. वरण, भात, भाजी, खीर, एकेक घास घेतला. खिरीचा घास गिळला आणि म्हणाल्या, “गोड झालं.”

पंगतीनं गजर केला आणि हात चालले.

खीर वाढायला मी होते. पहिली ओळ संपवून वळले तर काहीतरी विचित्र वाटलं. पंगत शांत झाली होती. आमच्याकडे पंगत शांत होत नाही हो. पुजारीकाका द्रोणाकडे बघत होते, जसं काही द्रोणानं त्यांना उलट उत्तर दिलं. चिंचणीचे पाहुणे डोळे मिटून गिळत होते. एका पोरानं “ई” म्हणायला तोंड उघडलं, तर त्याच्या आईनं त्याला चिमटा काढला. प्रसादाला नाव ठेवायचं नसतं ना!

हे ओळीच्या टोकाला. यांनी खीर भुरकली, डोळ्यांत पाणी आलं, आणि भरल्या डोळ्यांनी म्हणाले, “वा!”

मी पातेल्यातलं चमचाभर तळहातावर घेतलं.

कडूजहर. वर साखर, आणि खाली घशापर्यंत नुसतं कडू.

आता काय सांगू? आत कुठेतरी सनई वाजली माझ्या. हाच तो दिवस. उभ्या गावासमोर, देवासमोर. मला काही करायचंही नव्हतं. फक्त पातेलं घेऊन दुसरी ओळ वाढायची होती.

पण माझ्या माहेरी शेजारच्या घरात कडू दुधीचा रस प्यायले होते. बाप-लेक दोघं वांत्या करून करून गळाले, दवाखान्यात न्यावं लागलं. कडू दुधी हा चवीचा मामला नसतो. आणि दुसऱ्या ओळीत सगळी पोरं बसली होती.

मी पातेलं खाली ठेवलं. “खीर खाऊ नका कुणी,” मी म्हटलं. आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. “कडू आहे. पोट बिघडेल.”

कुणी हललं नाही. सगळ्यांच्या तोंडात तेच कडू होतं, आणि सगळे माझ्याकडे असे बघत होते की मीच कडू.

“कुंदा,” हे दात आवळून म्हणाले, “देवाच्या पंगतीत तरी…”

बायकांच्या बाजूनं आवाज आला, “धाकटीला बघवत नाही गं. पहिल्यापासून.”

“बघवत नाही तर नाही,” मी म्हटलं. “पण खीर कडू आहे.”

वहिनी सोप्यातून धावत आल्या. काय झालं, काय झालं. कुणी सांगेना. त्यांनी पातेल्यातली खीर वाटीत घेतली, तोंडात घातली, सगळ्यांसमोर सावकाश चावली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. कडू खाल्लं की माणसाचा चेहरा लपत नाही. एखादी शीर तरी हलतेच. वहिनींचं काही हललं नाही. देवळातल्या मूर्तीसारख्या शांतपणे त्यांनी गिळलं.

“गोड तर आहे गं,” त्या म्हणाल्या.

आणि मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांचा आवाज बारीक झाला. “नाही का?”

त्या एवढ्याशा “नाही का” नं माझी सनई बंद पडली.

पुजारीकाकांनी आपला द्रोण पानाबाहेर सरकवला. मग शेजारच्यानं सरकवला. मग सगळ्यांनी. कडू आहे असं त्या दिवशी माझ्याशिवाय कुणीच म्हणालं नाही.

मी वहिनींचा दंड धरून त्यांना सोप्यामागे नेलं. उन्हात उभं केलं. “जीभ दाखवा.”

“काय गं हे कुंदा…”

“दाखवा म्हणते ना.”

एखाद्या शाळकरी पोरीसारखी त्यांनी जीभ बाहेर काढली. मी तशी जीभ कधी पाहिली नव्हती. लालभडक, आणि गुळगुळीत. घासून पॉलिश केलेल्या फरशीसारखी. तुमच्याआमच्या जिभेवर कशी मखमल असते, बारीक बारीक कणांची? ती नव्हतीच. कडेला दातांचे ठसे, एका बाजूला सोललेलं.

“कधीपासून?”

“उन्हाळ्यापासून जळजळ होती. मग हळूहळू चवच जायला लागली. आता मीठ काय, साखर काय, सगळं कापूस.” त्यांनी पदर तोंडाला लावला. “आईच्या तोंडात असंच सुरू झालं होतं गं. ती मिश्री लावायची. मी कधी लावली नाही, पण… आरशात बघायचे आणि वाटायचं, आज कमी असेल.”

“आणि सांगितलं नाहीत कुणाला? दादांना नाही, यांना नाही. मला तरी?”

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. रागानं नाही. नवल वाटल्यासारख्या.

“तुला तर रोज सांगत होते. मीठ बघ म्हणून.”

सोप्यामागे नारळाच्या शेंड्यांचा ढीग होता. मी त्यावरच बसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही मिरजेला गेलो. वहिनी, मी आणि हे. एसटीत हे खिडकीकडे बघत म्हणाले, “मला वाटलं, वय झालं तिचं, हात चुकतो. तिनं मला भरवलंय. तिला खारट आहे म्हणून कसं सांगायचं?”

“मग माझ्या आमटीला कधी ‘वा’ का नाही?” मी विचारलं. वेळ नव्हती ती विचारायची, पण मी अशीच आहे.

हे खिडकीबाहेरच बघत राहिले. बाहेर ऊस होता. ऊस यांनी जन्मभर बघितलाय.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी जीभ कापडात धरून डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, वर उचलून खालून बघितली, बोटानं चाचपली. मी वहिनींचा हात धरला होता. की त्यांनी माझा, आता आठवत नाही.

“गाठ नाही,” बाई म्हणाल्या. “पांढरा चट्टा नाही, न भरणारी जखम नाही. तुम्हाला वाटतंय ते दिसत नाही मला. जिभेवरचे कण झिजून सपाट झालेत. चव त्यांच्यातच असते. रक्त तपासू. बहुतेक रक्त कमी आहे आणि एक जीवनसत्त्व संपलंय. ते भरून निघालं की कण परत येतात.”

“म्हणजे जात्याची टाकी गेलीय म्हणा की,” वहिनी म्हणाल्या. “पुन्हा टाकी लावली की दळण नीट.”

जात्याचा झिजलेला दगड टोचून पुन्हा खरखरीत करतात ती टाकी बाईंना कळली नसावी, पण त्या हसल्या. “दूध-दही खाता का?”

“उपास असतात माझे. सोमवार, गुरुवार, शनिवार. चहा घेते, काळा.”

“घरात दुभतं नाही?”

“आहे की.”

“मग ते जातं कुठं?”

वहिनींनी यांच्याकडे बघितलं नाही. मी बघितलं. कढी, दह्याची कवडी, खरवडलेली साय, सगळं त्या झाकण घातलेल्या वाटीतून मधल्या दारानं येत होतं. यांनी मान खाली घातली.

निघताना मला राहवेना. “बाई, माझी पण बघा ना. काल रात्री बॅटरी लावून बघितली. मागं घशाशी मोठे मोठे फोड आहेत.”

बाईंनी बघितलं. “ते सगळ्यांनाच असतात. तुम्ही पहिल्यांदा पाहिलेत, एवढंच.”

वहिनी पदराआड हसल्या. किती महिन्यांनी, कोण जाणे.

रक्ताचा निकाल बाईंच्या अंदाजासारखाच आला. गोळ्या, इंजेक्शनं सुरू झाली. उपास मी बंद केले. म्हणजे त्यांचे. आणि जेवायला वहिनी-दादा दोघांना माझ्याकडेच बोलावलं. वाटी आता उलट्या दिशेनं भरायची. आधी वहिनींची, दह्यानं, मग बाकीच्यांची. माझी आमटी त्यांना फार मानवली. “गार वाटतं गं जिभेला. काही झोंबत नाही,” असं म्हणून दोनदा घ्यायच्या. मी फुगून जायचे. यांच्याकडे बघून म्हणायचे, “ऐका, ऐका.” हे लोणच्याची बरणी जवळ ओढायचे.

रोज सकाळी मी त्यांना मागच्या दारी उजेडात उभं करायचे. “दाखवा.” त्या जीभ काढायच्या. आधी काहीच फरक नाही. मग लाली उतरली. मग एक दिवस टोकाशी बारीक खरखरीत काहीतरी दिसलं, नव्या गवतासारखं. मी आनंदानं ओरडले तर शेजारीण कुंपणावरून डोकावली.

“काय गं, काय सापडलं?”

“जीभ,” मी म्हटलं.

रथसप्तमी झाली होती. दुपारची वेळ. पानावर हे, दादा, वहिनी. मी वाढत होते. वहिनींनी नेहमीप्रमाणे आमटीची वाटी तोंडाला लावली आणि थांबल्या.

वाटी खाली ठेवली नाही. डोळे मिटले. पुन्हा एक घोट घेतला. तोंडात घोळवला, गालातून गालात. गिळला. दादांचा घास हवेत राहिला. माझ्या हातातली पळी टपटप गळत होती.

“लागतंय काही?” मी विचारलं.

वहिनींचे डोळे भरले होते. “हळद लागतेय. हिंग लागतोय. चिंच…” त्या लहान मुलीसारख्या एकेक मोजत होत्या. “गूळ लागतोय गं कुंदा.”

दादा म्हणाले, “वा.” त्यांचं ते वर्षातलं पहिलं वाक्य असावं.

मग वहिनींनी तिसरा घोट घेतला. कपाळावर एक बारीक आठी आली. त्यांनी वाटीकडे बघितलं. मग यांच्याकडे. यांचा हात लोणच्याच्या बरणीकडे निघाला होता, तो वाटेतच थांबला. वहिनींनी बरणीकडे बघितलं, त्या हाताकडे बघितलं, आणि शेवटी माझ्याकडे.

“कुंदा,” त्या म्हणाल्या, “रागावशील.”

“नाही रागावणार.”

“नक्की?”

यांनी मान ताटात घातली. दादा छताकडे बघायला लागले.

“बोला हो वहिनी.”

“आमटीत मीठ नसतं गं तुझ्या,” वहिनी म्हणाल्या. “तू या घरात आलीस, तेव्हापासून.”